साडूची कंबर

रविवार, ११ जानेवारी. संध्याकाळी ७.

दुकानातली कोरी मापवही घरी आणली. हिच्यात गिऱ्हाइकांची मापं लिहायची नाहीत. फक्त एकाच माणसाचं माप. त्याचं सगळंच माप या वहीत काढणार आहे.

आज सासूबाईंकडे जेवण. दर रविवारी असतं. बारा माणसं टेबलाभोवती, आणि मध्येच साडू उभा राहिला. साडू म्हणजे हिच्या थोरल्या बहिणीचा नवरा. पाणी खात्यात मीटर-सुपरवायझर. दिवसभर लोकांची चांगली चालणारी मीटरं खोटी ठरवायची हा धंदा. अंगात मी शिवलेली राखाडी पँट, सव्वा महिन्यापूर्वीची. त्याने कमरेत दोन बोटं घातली, पट्टी पुढे ओढली आणि सगळ्यांकडे वळून वळून दाखवली. म्हणाला, "मास्तरांची टेप सैल पडलीय. वय झालं आता."

बारा माणसं हसली. ही पण हसली. सासूबाईंना ऐकू येत नाही, तरी हसल्या.

अठ्ठावीस वर्षं दुकान चालवतोय. एक पँट परत आलेली नाही. दोन आल्या, पण त्यात चूक गिऱ्हाइकांची होती. तीन म्हणू.

घरी येऊन जुनी मापवही काढली. डिसेंबर, राखाडी पँट, कंबर ३८. तेवढीच शिवली. मग सैल कशी?

संकल्प: वचपा काढायचा. पण शांतपणे, रक्तदाब न वाढवता. उद्यापासून चहात साखर नाही.

सोमवार, १२ जानेवारी.

टेप स्टीलच्या पट्टीला लावून तपासली. सुताचाही फरक नाही. तरी नवी आणली. खात्री म्हणून नव्या टेपने स्वतःची कंबर मोजली. एक्केचाळीस आली. मी छत्तीसचा माणूस. म्हणजे नवी टेप खराब. परत करायला गेलो तर दुकानदाराने घेतली नाही, वर माझ्या पोटाकडे पाहिलं.

साखर बंद होती. फक्त संध्याकाळच्या चहात घेतली, कारण संताप.

शुक्रवार, १६ जानेवारी.

साडू दुकानात येऊन पँट टेबलावर टाकून गेला. म्हणाला इंचभर आत घे. मी टेप काढली तर हात झटकला. माझ्या मापावर भरवसा नाही म्हणे. काजवाली बाई समोर बसून काजं करत होती, तिच्यादेखत. बाई अकरा वर्षं माझ्याकडे काज-बटणाचं काम करते. फारसं बोलत नाही, पण ऐकते सगळं. उद्या साऱ्या बाजारात होईल.

जाता जाता साडू म्हणाला की मुलीच्या लग्नात रेडिमेड सूटच घ्यावा म्हणतोय.

आत्ता डाव कळला. मुलीचं लग्न २१ जूनला. चारशे माणसं. त्यात वधूपित्याच्या अंगावर रेडिमेड सूट, आणि घरचा टेलर कोपऱ्यात उभा. माझं नाक कापायचा बेत आहे, आणि त्यासाठी हा माणूस मुद्दाम बारीक होतोय. आधी माप देऊन ठेवायचं, मग उपाशी राहून कंबर कमी करायची आणि मला खोटं पाडायचं. असा दीर्घद्वेषी माणूस मी पाहिला नाही. मी असतो तर केव्हाच सोडून दिलं असतं.

इंचभर आत घेतली. कंबर ३७.

रविवार, १ फेब्रुवारी.

योजना ठरली. या माणसाला तक्रार करायला जागाच ठेवायची नाही. त्याचा प्रत्येक कपडा अंगाला असा बसवायचा की त्याच्या जिभेला काम उरू नये. मग लग्नाचा सूट माझ्याकडेच शिवावा लागेल, आणि चारशे माणसांसमोर त्याला म्हणावं लागेल की मास्तरांचा हात धरणारा नाही.

अडचण एकच. माप देत नाही. पण अठ्ठावीस वर्षांत हात काय नुसता मशीनवर घासला? आज सासूबाईंकडे दारातच त्याला मिठी मारली. दोन्ही हात मागे नेऊन बोटं कुठे जुळतात ते पाहिलं. मिठीचं माप: ३६ आणि चार सूत, म्हणजे साडेछत्तीस इंच.

साडू गोंधळला. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ही घरी येताना म्हणाली की तुम्ही मोठ्या मनाचे आहात. खरं आहेच ते.

गुरुवार, १२ फेब्रुवारी.

साडूकडचे कपडे दर गुरुवारी माझ्या शेजारच्या इस्त्रीवाल्याकडे येतात. हे इतकी वर्षं डोळ्यांसमोर होतं आणि सुचलं नाही. इस्त्रीवाल्याला सांगितलं की गठ्ठा आधी माझ्याकडे, तासाभराने तुझ्याकडे. का म्हणून विचारलं त्याने. म्हटलं घरची सेवा आहे.

चार पँटी. चारही अर्धा-अर्धा इंच आत. एका पँटीत राहिलेल्या बेल्टलासुद्धा एक भोक पाडून दिलं, जुन्या भोकासारखं मळकट दिसेल असं. त्याला पत्ता लागणार नाही.

रविवार, २२ फेब्रुवारी.

यश. साडू कमरेबद्दल अवाक्षर बोलला नाही. चेहराच सांगत होता की बोलायला काही सापडेना.

मग सापडलं. कोट पाठीत ओढतो म्हणे. जेवण झाल्यावर खुर्चीत पुढे वाकून, कोपरं गुडघ्यांवर टेकवून बसला होता. म्हणाला असं बसलं की पाठीला बरं वाटतं, ताठ बसलं की दुखतं. तुझ्या कोटाने पाठ धरली.

पाठीचा कट मी स्वतः बसवलेला. असा कट या बाजारात कुणी करत नाही. पण चोराच्या उलट्या बोंबा.

मिठी: ३६.

गुरुवार, २६ फेब्रुवारी.

कोट इस्त्रीच्या गठ्ठ्यातून काढला. पाठीची शिवण उसवून चार सूत सैल केली. आता ओढ म्हणावं.

सकाळी फिरायला जायचा संकल्प होता. पाऊस येईल असं वाटलं. आला नाही.

रविवार, ८ मार्च.

कोट घातला नव्हता. शर्टावर होता. तरी पाठ दुखत होती. वेळीच विषय बदलला त्याने, नाहीतर मी पकडलं असतं.

पानातलं अर्धं तसंच टाकलं. जेवण हिने केलं होतं. चार घास खाल्ले की पोट गच्च होतं म्हणाला. म्हणजे आता माझ्या बायकोच्या हाताला नावं ठेवायची. मेहुणी, म्हणजे हिची ताई, म्हणाली की लग्नाची धावपळ, त्यांना टेन्शन येतं. शिवाय सगळे म्हणतात साडू किती स्मार्ट दिसतोय. मुलीच्या लग्नासाठी फिगर केलीय, असं सासूबाई पण म्हणाल्या. कपडे कसे अंगासरशी बसतात बघा, असं कोणीतरी म्हणालं.

अंगासरशी बसतात. मी मान खाली घालून जेवत राहिलो. तो क्षण मला फार गोड लागला.

मिठी: ३५ आणि चार सूत.

बुधवार, ११ मार्च.

प्रतिडाव. तो बारीक होतोय ना, मग त्याला जाड करायचा. हिच्याबरोबर मेहुणीकडे केक, बिस्किटांचे तीन पुडे आणि मुरंबा पाठवला. हिने विचारलं एवढं प्रेम कुठून आलं. म्हटलं तुझ्या माहेरचं माणूस आहे.

गुरुवार, १९ मार्च.

साडूला शुगर निघाली. ऑफिसच्या तपासणीत. वय सत्तावन्न, घरात कुणाला नाही, आधी कधी नव्हती. केक आणि बिस्किटं परत आली.

तरी घरात सगळ्यांना हायसं वाटलं. शुगर आहे म्हणून बारीक झाले, गोळ्या सुरू केल्या, झालं. मेहुणी फोनवर हिला म्हणाली की कारण कळलं की निम्मं ओझं उतरतं.

मी केक खाल्ला. वाया कशाला घालवायचा.

काजवाली बाई आज मी साडूची पँट आत घेताना बघत होती. हातातली सुई थांबवून म्हणाली, "मास्तर, तुम्ही पँट आत घेताय. पण माणूस कुठं चाललाय ते कुणी बघतंय का?"

मी म्हटलं शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. बाई म्हणाली शुगरच्या गोळ्या खाऊनसुद्धा माणूस वाळतच राहिला, तर परत डॉक्टरला दाखवायचं असतं. तिच्या काजांना मी कधी शिकवायला जात नाही. तिनेही मला शिकवू नये.

रविवार, ५ एप्रिल.

मिठी: ३४ आणि चार सूत. डिसेंबरपासून साडेतीन इंच. मागे नेलेले हात आता मनगटापर्यंत एकमेकांवर येतात.

आज मिठी मारताना त्याच्या पाठीचं हाड माझ्या तळहाताला लागलं. क्षणभर कसंसंच झालं. मग त्याने कानात विचारलं की तुझं वजन वाढलंय का रे. कसंसं वाटणं तिथल्या तिथे थांबलं.

आजपासून साडूचं नाव या वहीत लिहायचं नाही. मनःशांती महत्त्वाची.

मंगळवार, १४ एप्रिल.

साडू दुकानात. शर्ट खाजतो म्हणे. पोटावर, दंडांवर, तळपायांना सुद्धा. कुठलं स्वस्तातलं कापड मारलंस असं चार गिऱ्हाइकांसमोर विचारलं. तळपायांना शर्ट कसा खाजतो, हे मी विचारायला हवं होतं. तो गेल्यावर सुचलं. मला नेहमी माणूस गेल्यावर सुचतं.

नवीन पाच शर्ट शिवायचे ठरवलं. दुकानातलं सर्वांत मऊ सुती कापड, आतून एकही कडक टाका नाही, कॉलरला धुतलेला कॅनव्हास. फुकट. सूड घ्यायचा तर त्यात कंजुषी नको.

शनिवार, २५ एप्रिल.

आज माझा दिवस.

हिला मेहुणीचा फोन. साडू रात्रभर खाजवतो, अंघोळ करून उघडा बसला तरी खाजवतो, अंगावर पुरळ नाही, काही नाही. कपडा अंगावर नसतानाही खाजतं. म्हणजे दोष कापडाचा नाही. हे मेहुणीने स्वतःच्या तोंडाने सांगितलं, आणि फोन स्पीकरवर होता.

हिला म्हटलं हे लिहून घे, तारीख टाक. ही म्हणाली अहो, काहीतरीच काय, भावजींना खरंच त्रास होतोय. मी म्हटलं त्रास झाला असेल, पण माझ्यामुळे नाही, एवढाच मुद्दा आहे.

दोन कप चहा घेतला. साखर घातली. जिंकल्यावर चालते.

रविवार, ३ मे.

साडू मऊ झालाय. आपणहून म्हणाला की लग्नाचा सूट तूच शिव. रेडिमेड बघायला गेलो होतो, एकही बसत नाही, खांदा बसला तर कंबर लोंबते. तू शिवलेलंच तेवढं नीट बसतं.

शेवटी कबूल केलं. चार महिने लागले.

मी म्हटलं बघतो, सीझन आहे, कामं खूप आहेत. मग घरी येताना वाटेतच सूटचं कापड घेतलं. गडद निळं.

मिठी: ३३ आणि चार सूत.

शनिवार, १६ मे. दुपारी १.

साडू सूटच्या कच्च्या ट्रायलला. बाईने खडूच्या खुणांवर कच्चे टाके घातलेले. खांदा पाहिला, पाठ पाहिली. सरळ रेष. मी आरशात स्वतःकडेच बघत होतो.

मग शर्टाच्या कापडाचा प्रश्न निघाला. सूटच्या आतला पांढरा शर्ट. मी थान उलगडून त्याच्या गळ्याशी धरलं. आरशात बघून तो म्हणाला, "हे पांढरं आहे? पिवळट मारतंय हे. जुना माल माझ्या गळ्यात."

गळ्यात. माझ्या डोक्यात तिडीक गेली. दुकानातल्या ट्यूबचा दोष असेल म्हणून त्याला दंडाला धरून बाहेर फुटपाथवर आणला, भर उन्हात. इस्त्रीवाल्याला हाक मारली, बाईला हाक मारली. म्हटलं आता पंचांसमोर होऊ दे. कापड त्याच्या हनुवटीखाली धरलं आणि विचारलं, सांगा, पांढरं की पिवळं?

इस्त्रीवाला बराच वेळ बघत राहिला. म्हणाला कापड पांढरं शुभ्र आहे.

मी साडूकडे वळून म्हणणार होतो की ऐकलं का. तेवढ्यात बाई म्हणाली, "कापड पांढरंच आहे. यांचे डोळे बघा."

डोळे पिवळे. कडेकडेने नव्हे, सगळे. आरशात त्याला तेच दिसत होतं आणि तो ते माझ्या कापडावर ढकलत होता.

निकाल माझ्या बाजूने लागला. दोन साक्षीदार.

साडूने कापड हनुवटीखालून बाजूला केलं. अंगातला कोट काढायचंही विसरला. फुटपाथच्या कठड्यावर बसला आणि हळूच म्हणाला की पंधरा दिवस लघवी गडद होतेय, चहासारखी. शौचाला पांढुरकं. उन्हाळा आहे, गोळ्यांची उष्णता असेल असं वाटलं. मुलीचं लग्न तोंडावर, म्हणून कुणाला बोललो नाही.

बाई म्हणाली आजच्या आज. मी म्हटलं सोमवारी. बाईने माझ्याकडे असं पाहिलं की मी शटर खाली ओढलं आणि रिक्षा बोलावली. बाईच्या हट्टापायी शनिवारचा धंदा बुडाला.

कच्च्या टाक्यांचा कोट घालून तो रिक्षात बसला. वाटेत एक बाही उसवली.

सोमवार, १८ मे.

कावीळ. पण साधी नाही म्हणे. सोनोग्राफी झाली. पित्ताची नळी फुगलीय, खाली कुठेतरी दाबली गेलीय. सीटी स्कॅन सांगितलाय. सांगून झालं तरी मेहुणीने फोन ठेवला नाही, नुसता धरून ठेवला. ही इकडून हो, हो म्हणत होती.

मी सूटची बाही परत जोडली.

गुरुवार, २१ मे.

स्वादुपिंडात गाठ आहे. कॅन्सर.

स्वादुपिंड कुठे असतं ते मला माहीत नव्हतं. पोटाच्या मागे, पाठीच्या कण्यापाशी. अठ्ठावीस वर्षं माणसं मोजतोय, हा भाग टेपखाली कधी आला नाही.

शुक्रवार, २२ मे.

आज हॉस्पिटलात मी, ही आणि मेहुणी. डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण घाई नव्हती तिला. वजन कधीपासून कमी होतंय असं विचारलं. मेहुणीला सांगता येईना. रोज समोर असलेला माणूस, कळणार कसं. शिवाय शुगरची गोळी सुरू झाली होती. मग म्हणाली, कपडे सैल झाले असते तर लक्षात आलं असतं हो, पण त्यांचे कपडे अगदी बरोबर बसायचे. शेवटपर्यंत.

डॉक्टरीणबाई म्हणाली याचा उपयोग झाला असता. निश्चित कधी सुरू झालं ते कळलं असतं तर.

मी उठलो. म्हटलं माझ्याकडे आहे. तारीखवार आहे. घरी जाऊन ही वही घेऊन आलो. खरं सांगायचं तर धावत गेलो. इतके दिवस ही वही कुणालातरी दाखवायची होती. मी शिवण्यात चुकलो नव्हतो, माणूस कमी होत होता, ते सिद्ध करायची यापेक्षा चांगली जागा कुठली?

डॉक्टरीणबाईने पानं उलटली. माझं इकडचं-तिकडचं लिहिलेलंही वाचलं असणार. डिसेंबर अडतीस. जानेवारी सदतीस. फेब्रुवारी, पाठ, पुढे वाकून बसणं. मार्च, भूक नाही, शुगर. एप्रिल, खाज. प्रत्येक पानावर बोट ठेवत गेली. म्हणाली यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर काही नाही. पाठ सगळ्यांची दुखते. शुगर लाखांना असते. खाज कशानेही येते. पण पन्नाशीच्या पुढे अचानक शुगर, आणि न ठरवता वजन उतरतंय, आणि पोट-पाठ धरतेय, हे एकाच माणसात एकामागून एक दिसलं की थांबायचं नसतं. स्कॅन करायचा. काविळीची वाट बघायची नाही.

मग मेहुणीने विचारलं, ऑपरेशन होईल का. डॉक्टरीणबाई म्हणाली गाठ एका मोठ्या रक्तवाहिनीला टेकली आहे. नळी मोकळी करण्यासाठी आत छोटी नळी बसवतील, मग किमो, आणि तीन-चार महिन्यांनी ऑपरेशन जमतंय का ते बघू. मार्चमध्ये आला असतात तर, असं म्हणाली आणि वाक्य पुरं केलं नाही.

वही मिटता मिटता विचारलं की हे कपडे दर आठवड्याला आत कोण घेत होतं.

मी म्हणालो, "त्यांचा टेलर."

मेहुणीने माझ्याकडे पाहिलं. हिने पण पाहिलं.

रविवार, २४ मे.

इस्त्रीवाल्याने गुरुवारी आलेला साडूचा गठ्ठा आज माझ्याकडे आणून दिला. सवयीने. मी त्याच्यावर ओरडलो. त्याची काय चूक.

दोष कुणाचा ते शोधतोय. ऑफिसच्या तपासणीचा. शुगरची गोळी देऊन घरी पाठवणाऱ्याचा. साडूचा, कारण दुखणं होतं तर दुखणं म्हणायचं, माझ्या कोटावर कशाला ढकलायचं? सासूबाईंचा, फिगर म्हणाल्या म्हणून. आज दुपारभर सगळ्यांचा वचपा मनातल्या मनात काढला. संध्याकाळपर्यंत यादीत एकच माणूस उरला, आणि त्याला अद्दल कशी घडवायची ते मला येत नाही.

मंगळवार, २ जून.

नळी बसवली. डोळ्यांचा पिवळेपणा उतरतोय. खाज थांबली. पहिला किमो झाला. लग्न पुढे ढकलायचं नाही असं साडूनेच बजावलं.

काजवाली बाईला म्हटलं मार्चमध्ये तू बोलली होतीस. बाई म्हणाली, बोलून काय झालं, हात धरून न्यायला हवं होतं, मी तरी कुठे नेलं. आणि काजं करत बसली. मला वाटलं होतं ती मला शिव्या देईल. तेवढंसुद्धा कोणी करत नाही.

शुक्रवार, १९ जून.

शेवटची ट्रायल. साडूच्या घरी, त्याच्या पलंगापाशी. मी सूट ३३ वर शिवला होता. अंगात घातला तर कंबर दोन ठिकाणी दुमडली, कॉलर मानेपासून सुटली. टेप लावू दिली त्याने, डिसेंबरनंतर पहिल्यांदाच. कंबर ३१ आणि चार सूत.

माझ्या तोंडात पिना होत्या. म्हटलं काही नाही, साडूभाऊ, दोन तासांचं काम आहे. पाठीत चिमटा घेतो, कमरेला दीड इंच, उद्या संध्याकाळपर्यंत असा बसेल की कुणाला कळणार नाही.

साडूने माझं मनगट धरलं. हातात जोर नव्हता. मेहुणीने त्याला वहीतलं सगळं सांगितलं होतं. गुरुवारचा गठ्ठा, मिठ्या, बेल्टचं भोक. मी वाट बघत होतो. आता काढू दे त्याला सगळा राग. मला तेच हवं होतं.

तो म्हणाला, "दाबू नकोस. राहू दे सैल. तू दाबलंस की मलासुद्धा वाटतं मी बरा आहे."

मग म्हणाला, मिठ्यांचा राग नाही आला. मला वाटलं होतं तू खरंच मारतोस. चांगलं वाटायचं.

मी पिना तोंडातून काढल्या. डबीत ठेवता येईनात, खाली सांडल्या. मेहुणी वाकून वेचत बसली.

रविवार, २१ जून.

लग्न झालं.

सूट सैल होता. खांदे उतरलेले, पाठीत हवा. साडू बराच वेळ खुर्चीत बसून होता. मुलगी पाया पडली तेव्हा उठला, तिला जवळ घेतलं, आणि कोट मागून गोळा झाला. चारशे माणसांनी पाहिलं. माझे हात शिवशिवत होते, ते खिशात घातले.

माणसं जवळ येऊन विचारत होती, किती वाळलात हो, काय झालं? तो न लपवता सांगत होता. आधी कंबर, मग पाठ, मग भूक, मग शुगर, मग खाज. पाणी खात्यातला त्याचा एक जोडीदार ते ऐकून बाजूला गेला आणि स्वतःच्या पट्ट्याची भोकं मोजत उभा राहिला. साडूने त्याला तिथूनच ओरडून सांगितलं की उद्याच्या उद्या जा.

जेवणाच्या रांगेत नवऱ्या मुलाचे काका हसत म्हणाले की मुलीच्या बापाला असला कोट शिवून दिला कुणी?

मी हात वर केला.